यंत्राला साडेचार तारे, बसवणाऱ्याला दीड

आमचं घर किती हवाबंद आहे ते पाहायला एक माणूस आला होता. पुढच्या दारात त्याने ताडपत्रीसारखा पडदा ताणला, त्यात एक भलामोठा पंखा बसवला आणि आतल्या-बाहेरच्या दाबात ५० पास्कलचा फरक पडेपर्यंत हवा ओढली. अर्ध्या तासाने आकडा आला ०.५८. म्हणजे एवढ्या दाबाखालीसुद्धा फटीफटींतून तासाभरात घरातली जेमतेम ५८ टक्के हवा बदलते. पॅसिव्ह हाउस, म्हणजे फार कमी ऊर्जेत उबदार राहणारं घर, त्याची मर्यादा ०.६ आहे; म्हणजे आम्ही काठावर पास. नवऱ्याने तो आकडा मुलाला पहिला नंबर मिळाल्यासारखा आठवडाभर सगळ्यांना सांगितला. मी त्या माणसाला एवढंच विचारलं, "मग आता श्वास कुठून घ्यायचा?" त्याने माळ्यावरच्या खोक्याकडे बोट दाखवलं.

त्या खोक्यातलं यंत्र म्हणजे हीट रिकव्हरी व्हेंटिलेशन: घरातली हवा बदलायची, पण तिची ऊब परत मिळवायची. दोन हिवाळे आणि त्यांच्यामधला एक उन्हाळा ते वापरून झालंय, म्हणून लिहायला बसले. कंपनीचं नाव देणार नाही. नाव दिलं की सगळी चर्चा नावावर घसरते. शिवाय माझ्या अनुभवात कोणत्या कंपनीचं घेतलं यापेक्षा कसं बसवलं यानेच जास्त फरक पडला.

आधी यंत्र नसतानाचे तीन आठवडे सांगते. जोडणी लांबली आणि आम्ही तशातच राहायला आलो. थंडीचे दिवस, खिडक्या बंद. सकाळी काचांच्या खालच्या कडेला पाणी साचलेलं, डोकं जड, मुलगा चिडचिडा. नव्या घराचा शीण असेल असं मी धरून चालले. मग नवऱ्याने कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर आणून उशाशी ठेवला. पहाटे पाच वाजता त्यावर २,९०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २,९०० भाग. बाहेरच्या हवेत हे प्रमाण साधारण ४२० असतं. १,००० च्या वर गेलं की खोलीतली हवा चांगली म्हणता येत नाही, हे माक्स फॉन पेटेनकोफर या जर्मन आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ मध्येच मांडलं होतं, आणि तो आकडा आजही वापरला जातो.

हिशोब अवघड नाही. झोपलेला माणूस तासाला साधारण बारा-साडेबारा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोघांचे पंचवीस लिटर. आमची खोली ३० घनमीटरची, म्हणजे ३०,००० लिटरची. हवा बदललीच नाही तर दर तासाला ८०० पीपीएमची भर! आमच्याकडे दाराच्या कडेने थोडी हवा जायची, म्हणून २,९०० वर निभावलं. गंमत अशी की आत असणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. नाकाला सवय होते. बाहेरून आलेल्या सासूबाई दारातच म्हणाल्या, "अगं, काय कोंदट वास येतोय खोलीला," आणि मला राग आला होता.

"मग खिडकी उघडा की." हे आम्हाला निदान पंधरा जणांनी ऐकवलंय. उघडली. दहा मिनिटांत आकडा ६०० वर आला आणि खोली गारठली. खिडकी लावली की तासाभरात परत हजाराच्या वर. रात्रभर कोण उठणार? आणि रात्रभर खिडकी उघडीच ठेवायची असेल तर भिंतीत एवढं जाड इन्सुलेशन कशासाठी भरलं?

आता यंत्र. आकाराने लहान कपाटाएवढं, भिंतीला टांगलेलं. आत दोन पंखे, दोन फिल्टर आणि मधोमध पातळ पत्र्यांचा एक ठोकळा. स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास इथून शिळी, उबदार हवा ओढली जाते. बाहेरची गार हवा आत येते. दोन्ही प्रवाह त्या ठोकळ्यात एकमेकांच्या उलट दिशेने जातात, मध्ये फक्त एक पातळ पत्रा. हवा मिसळत नाही, ऊब मात्र इकडची तिकडे जाते. मग ती गरम झालेली ताजी हवा झोपायच्या खोल्यांत आणि बैठकीत सोडली जाते, आणि दारांखालच्या फटींमधून सरकत पुन्हा न्हाणीघराकडे जाते. कल्पना नवी नाही. कॅनडात सॅस्कॅचेवान प्रांतातल्या रिजायना शहरात १९७७ मध्ये बांधलेल्या प्रायोगिक घरात ती होती, १९९१ च्या डार्मश्टाटमधल्या पहिल्या पॅसिव्ह हाउसमध्येही होती. हे मला नवऱ्याने जेवताना तीनदा सांगितलंय.

दाराखालच्या फटी म्हणाले, तर त्यांचीही एक गोष्ट आहे. आमच्या सुताराने दारं अशी बसवली होती की खालून कागद सरकणार नाही. त्याचा त्याला अभिमान. ती पुन्हा उतरवून प्रत्येक दाराचा खालचा एकेक सेंटिमीटर कापायला सांगितला, तेव्हा तो माझ्याकडे असा बघत होता की मी त्याच्या पोराचे केस कापायला सांगतेय. पण फट नसेल तर दार लावल्यावर खोलीत येणाऱ्या हवेला जायला वाटच उरत नाही.

घर ११० चौरस मीटरचं, माणसं चार. माणशी तासाला ३० घनमीटर धरून एकूण १२०. घरातल्या हवेच्या मानाने म्हणजे साधारण दर अडीच तासांनी सगळी हवा एकदा बदलते. हे सगळं कागदावर आधीपासून होतं आणि बरोबर होतं.

चुकलं ते पुढे. बसवणारा आला, दीड दिवसात नळ्या ओढल्या, यंत्र चालू केलं, पॅनलवर पंख्याचा वेग मधल्या आकड्यावर ठेवला आणि "सगळं सेट आहे" म्हणून गेला. हवा मोजण्याचं एकही साधन त्याने पिशवीतून काढलं नाही. ते काढायचं असतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

सुरुवातीला मी खूशच होते. काचा कोरड्या झाल्या, न्हाणीघरातला आरसा पाच मिनिटांत स्वच्छ, टॉवेल संध्याकाळपर्यंत वाळलेला. आणि मी थर्मामीटर घेऊन माळ्यावर चढून कार्यक्षमता काढली. बाहेर ४ अंश, घरात २१, आणि यंत्रातून आत येणारी हवा १९.८. घरातल्या-बाहेरच्या फरकाच्या, म्हणजे १७ अंशांच्या, मानाने १५.८ अंश परत मिळाले. ९३ टक्के! माहितीपत्रकात ९२ लिहिलं होतं. माहितीपत्रकापेक्षा चांगला निकाल देणारी वस्तू माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. तिथेच शंका यायला हवी होती.

मग बारीकसारीक कुरबुरी दिसू लागल्या. पुढच्या दाराचं कुलपाचं भोक शीळ घालायला लागलं. पाहुण्यांच्या न्हाणीघरात, जे महिन्यातून एकदा वापरलं जातं, गटाराचा वास. मुलाच्या खोलीत पहाटे मीटर अजूनही १,९०० दाखवतोय. आणि सासूबाई, ज्यांचे कान या वयातही माझ्यापेक्षा तिखट आहेत, म्हणाल्या, "रात्रभर कोणीतरी मला श्श, गप्प बस म्हणतंय असं वाटतं." मी बसवणाऱ्याला तीन फोन केले. पहिल्यांदा "सवय होईल", दुसऱ्यांदा "फिल्टर बदला", तिसऱ्यांदा फोनच उचलला नाही.

शेवटी आम्ही दुसऱ्या एका तंत्रज्ञ बाईंना बोलावलं. त्यांच्याकडे कापडी टोपीसारखं एक साधन होतं. छतातल्या प्रत्येक झडपेवर ते धरायचं, तासाला किती हवा जाते ते त्यावर दिसतं. मुलाच्या खोलीत २५ घनमीटर हवी होती, येत होती ९. सगळ्या खोल्यांची मिळून आत येणारी हवा ७८ आणि बाहेर जाणारी ११९. म्हणजे यंत्र घरातून दर तासाला ४० घनमीटर हवा जास्त उपसत होतं, आणि घर ती तूट मिळेल तिथून भरून काढत होतं: कुलपाच्या भोकातून, गटाराच्या कोरड्या पडलेल्या सापळ्यातून, म्हणजे वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या नळीतून. सैल घरात हे कदाचित जाणवलंही नसतं. आमच्या ०.५८ च्या घरात तेवढ्यानेच पाचेक पास्कलचा उलटा दाब तयार झाला होता. बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो चूल किंवा धुरांड्याची शेगडी आहे का. असती तर असा दाब धूर आणि कार्बन मोनॉक्साइड उलट घरात ओढू शकतो. नाही म्हटल्यावर त्यांनी सुस्कारा टाकला.

आणि माझे ९३ टक्के? ते खोटे होते. आत येणारी हवा कमी आणि बाहेर जाणारी जास्त असेल, तर थोड्याशा गार हवेला भरपूर ऊब मिळते आणि ती छान गरम होऊन येते. थर्मामीटरवर आकडा चढतो. पण उरलेली ४० घनमीटर हवा फटींतून गारच आत येते, ती माझ्या हिशोबात नव्हतीच. मी घरभर अभिमानाने सांगत असलेला आकडा हा बिघाडाचा पुरावा होता.

कारण माळ्यावर सापडलं. मुलाच्या खोलीकडे जाणारी नळी तुळईच्या कोपऱ्यात इतकी वाकवली होती की आतून जवळजवळ चपटी झाली होती. शिवाय आमच्या खोल्यांच्या बाजूचा सायलेन्सर, म्हणजे नळीतला आवाज दाबणारा तुकडा, बसवलाच नव्हता. तो खोक्यातच पडून होता, प्लास्टिकसकट. सासूबाईंना रात्रभर गप्प बस ऐकू येत होतं ते तो नसल्यामुळेच.

त्या बाईंनी चार तास काम केलं. नळीचा तुकडा बदलला, सायलेन्सर लावला, मग प्रत्येक झडपेची चकती थोडी फिरवायची, मोजायचं, पुन्हा पहिल्या खोलीत जाऊन मोजायचं, कारण एकीकडे कमी केलं की दुसरीकडे वाढतं. तबल्याला गठ्ठे ठोकून सूर लावतात तसं. शेवटी आत १२१, बाहेर १२४. कार्यक्षमता मोजली तर ८५ टक्के. आकडा आठ टक्क्यांनी पडला आणि घर सुधारलं. दार शीळ घालेना, वास गेला, आणि आमच्या खोलीत पहाटे पाचला ९२०. दोघांचे पंचवीस लिटर भागिले ५० घनमीटर म्हणजे ५०० पीपीएम, अधिक बाहेरचे ४२०. हिशोब आणि मीटर असे तंतोतंत जुळले की मी नवऱ्याला उठवून दाखवलं. तो खूश झाला नाही.

विजेचं सांगायचं तर बाहेर ४ अंश असताना १२० घनमीटर हवा नुसती खिडकीतून बदलली असती तर सतत ६७० वॉट उष्णता बाहेर गेली असती. यंत्रामुळे जातात साधारण १००. पंख्यांना लागतात ३८ वॉट. बाहेर गारठा असेल तेव्हा हा सौदा फायद्याचाच आहे. बाहेर २० अंश असेल तेव्हा वाचवायला उष्णताच नसते, मग यंत्राचं काम फक्त गाळलेली हवा देण्याचं.

आता माझी स्वतःची तक्रार, आणि तिचा दोष यंत्राकडेही नाही, बसवणाऱ्याकडेही नाही. मी व्हायोलिन वाजवते, शिकवतेही. पहिल्या कडाक्याच्या थंडीत पेटी उघडली की खुंट्या सुटलेल्या, तारा लोंबलेल्या. खोलीत आर्द्रता २९ टक्के. शून्य अंशाच्या हवेत घनमीटरला फार तर पाचेक ग्रॅम वाफ मावते. तीच हवा २० अंशाला आणली तर तिच्यात १७ ग्रॅम मावू शकते, म्हणून ती तहानलेली होते. जितकी जास्त हवा बदलाल तितकं घर कोरडं. लाकूड आक्रसतं, ओठ फुटतात. सगळ्यांना काचेवरच्या पाण्याची भीती, माझं व्हायोलिन उलट्या बाजूने बोंबलत होतं.

यावर इलाज निघाला. या यंत्रात तो मधला ठोकळा सरकवून बाहेर काढता येतो, आणि त्या जागी वाफही परत देणारा, पडद्याचा ठोकळा बसतो. त्याला एन्थाल्पी कोअर म्हणतात. बाहेर जाणाऱ्या हवेतली वाफ पडद्यातून झिरपून आत येणाऱ्या हवेत मिसळते. आम्ही दुसऱ्या हिवाळ्याच्या आधी बदलला. आता आर्द्रता ३८ ते ४२ च्या मध्ये राहते, ऊब थोडी कमी परत मिळते. वाफेबरोबर न्हाणीघराचा वासही पडद्यातून परत येईल अशी मला धास्ती होती. माझ्या नाकाला तरी आला नाही, आणि सासूबाईंच्याही नाही, जे जास्त महत्त्वाचं. ज्यांच्याकडे हिवाळा सौम्य आहे किंवा घरात चार माणसांच्या श्वासाची, कपड्यांची, आंघोळीची वाफ भरपूर आहे, त्यांनी हा खर्च करण्याआधी एक हिवाळा मोजून बघावा. ज्यांच्याकडे लाकडी वाद्य आहे त्यांनी वाट बघू नये.

यंत्राचा अर्धा तारा कशासाठी कापला तेही सांगते. फिल्टर बदलायचा लाल दिवा फक्त दिवस मोजतो, फिल्टर किती मळलाय ते त्याला कळत नाही. पहिला फिल्टर तीन महिन्यांत कोळशासारखा झाला होता, बांधकामाची धूळ अजून बसत होती, आणि दिवा हिरवाच. आता मी दर दोन महिन्यांनी झाकण उघडून बघते. बाहेरच्या हवेच्या बाजूला बारीक कणांचा फिल्टर, जुन्या वर्गवारीत एफ ७, घरातल्या हवेच्या बाजूला साधा जाडसर. बारीक सहा महिने टिकतो. फिल्टरचा आकारही असा ठेवलाय की दुसऱ्या कोणाचा बसू नये. यंत्रासोबतचं ॲप खातं उघडल्याशिवाय पंख्याचा वेगही दाखवत नाही. भिंतीवरचं बटण पुरतं, ॲप मी काढून टाकलं.

काही लोक याला एसी समजतात. नव्हे. उन्हाळ्याच्या रात्री ठोकळ्याला वळसा घालून गार हवा थेट आत घेण्याची सोय आहे. बायपास. पण हवाच एवढीशी की बाहेर पाच अंश गार असलं तरी २०० वॉटचाच गारवा मिळतो. तेवढी उष्णता दोघं जण नुसते बसून देतात. रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की याच्या कितीतरी पट काम होतं. खिडक्या उघडायला बंदी नाही, हे सासूबाईंना पटवायला दोन महिने लागले. "लाइट गेली तर गुदमरू का?" असं त्यांनी एकदा विचारलं होतं. मी त्यांच्या खोलीची खिडकी उघडून दाखवली. त्यांना ती उघडते हेच माहीत नव्हतं.

तळणाचा धूर या यंत्राकडे पाठवू नका. शेगडीवरचा हूड त्याच्या नळीला जोडला तर तेलाचा चिकट थर नळ्यांत आणि ठोकळ्यात बसतो. आमचा हूड स्वतंत्र आहे, कोळशाच्या फिल्टरमधून हवा गाळून परत खोलीतच सोडणारा. वास पूर्ण जात नाही, हे कबूल. स्वयंपाक करताना भिंतीवरचं बटण दाबून यंत्र अर्धा तास जोरात चालवते. विसरले तर सकाळपर्यंत कालची भजी घरात असतात.

आणखी एक. ठोकळ्यात हिवाळ्यात पाणी जमतं, ते एका सापळ्यातून गटारात जातं. उन्हाळ्यात तो सापळा वाळतो आणि यंत्र गुरगुरायला लागतं. पेलाभर पाणी ओतलं की थांबतं. हे कुठल्याही पुस्तिकेत पहिल्या पानावर छापायला हवं, आमच्या पुस्तिकेत ते एकेचाळिसाव्या पानावर होतं.

घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण फक्त घर खरोखर हवाबंद असेल तर. फटी असलेल्या घरात निम्मी हवा यंत्राला वळसा घालून येईल आणि तुम्ही मला शिव्या द्याल. बसवणाऱ्याशी बोलताना यंत्राच्या कंपनीबद्दल कमी आणि दोन गोष्टींबद्दल जास्त विचारा: सायलेन्सर दोन्ही बाजूंना आहेत का, आणि खोलीगणिक हवा मोजून कागद देणार का. शेवटचा हप्ता तो कागद हातात आल्यावर द्या. आमचा कागद यंत्राच्या दाराला आतून चिकटवलाय. मुलाची खोली: २४. गेल्या महिन्यात बाई परत येऊन मोजून गेल्या, त्याखाली पेन्सिलने लिहिलंय: २३.